पंधराव्या चालीनंतर

चार वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका रविवारी, धुळ्यात देवपूरमधल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात जिल्हा बुद्धिबळ निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीतला चौथ्या पटावरचा डाव बरोबरीत सुटला. डाव दुपारी अडीचला सुरू झाला आणि सव्वासहाला संपला. त्याची अकरा ओळींची बातमी मी लिहिली. मी सभागृहात तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत होतो.

यंदा पुन्हा डिसेंबर आला आहे. जळगावच्या रस्त्यांवर हातगाड्यांवर हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचे ढीग लागले आहेत. एकेक वांगे दोन मुठींएवढे. सायंकाळी कार्यालयातून निघालो की कुठून तरी कपाशीच्या वाळल्या काड्यांचा धूर येतो. त्या धुरात वांग्याचे साल करपल्याचा वास असतो, ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा असतो, लसणाचा असतो. खान्देशात या वासाला माणसे थांबतात, एकमेकांना फोन करतात आणि कोणाच्या तरी शेतात जमतात. भरीत घरात चार जणांपुरते करायची गोष्ट नव्हे. ते शेतात, चाळीस माणसांचे, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर खायचे असते. वर कांद्याची पात.

या वासाने मला भूक लागत नाही. चार हिवाळे झाले.

त्या रविवारी देवपूरच्या पुढे एका शेतात पत्रकारांची भरीत पार्टी होती. आमचा छायाचित्रकार दिलीपभाऊ सभागृहाच्या दाराशी दुचाकीची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. त्याचे फोटो दहा मिनिटांत काढून झाले होते.

"चल ना रे. वांगी गार होतील."

"निकाल लागायचाय अजून."

"निकाल फोनवर येतो. प्यादी काय पळून चालली का?"

मी हसलो. मला घोडा अडीच घरे चालतो एवढे माहीत होते. क्रीडा पान माझ्याकडे आठ वर्षे होते. त्यात क्रिकेट होते, कबड्डी होती, कुस्त्यांच्या दंगली होत्या. बुद्धिबळाची बातमी म्हणजे उद्घाटकांचे नाव, खेळाडूंची संख्या आणि शेवटी विजेत्यांची यादी.

निघण्याआधी मी चौथ्या पटापाशी उभा राहिलो. फळ्यावर लिहिले होते की पहिल्या चार क्रमांकांची राज्य स्पर्धेसाठी निवड होणार आहे. चौथ्या पटावर पांढऱ्या मोहऱ्यांकडे सुमनअक्का होत्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास, शिंदखेड्याजवळच्या एका गावात कपाशीची शेती, खुल्या गटात खेळणाऱ्या एकट्या बाई. समोर एका बँकेतले साहेब. अक्कांना संघात जायला अर्धा गुण पुरे होता. साहेबांना तोही नको होता, त्यांचे स्थान पक्के होते. ही माहिती मला पंचांनी दिली आणि ती बरोबर होती.

पटावर फारसे काही उरले नव्हते. मधली प्यादी गेली होती. हत्ती गेले होते. वजीर गेले होते. अर्ध्या तासात एवढी मारामारी. साहेब पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ड्रॉ?"

अक्कांनी वर पाहिले नाही. कागदावर काहीतरी लिहिले.

मी घड्याळ पाहिले आणि बाहेर पडलो.

शेतात जाळ उतरत आला होता. चाळीस-पन्नास वांगी राखेत काळी पडली होती आणि दोन माणसे ती सोलून लाकडी भांड्यात टाकत होती. कोणीतरी मुसळाने ठेचत होते. मी तीन पुऱ्या खाल्ल्या, नंतर अजून दोन. सात वाजता कार्यालयात आलो. पंचांना फोन केला. ते म्हणाले, "चौथा पट बरोबरी." मी विचारले नाही की कितव्या चालीला. मी विचारले नाही की किती वाजता. पान आठला सुटायचे होते.

बातमीतली नववी ओळ अशी होती: 'सुरुवातीलाच मोहरे वाटून घेत दोन्ही खेळाडूंनी संगनमताने डाव बरोबरीत सोडवल्याची चर्चा सभागृहात होती.'

सभागृहात चर्चा नव्हती. बुद्धिबळाच्या सभागृहात बोलायला बंदी असते.

'चर्चा होती' हे दोन शब्द आमच्या धंद्यात फार उपयोगाचे आहेत. ज्याला नाव नाही, पुरावा नाही, ते तिथे बसते. मला दोन गोष्टी माहीत होत्या: तीन वाजता बरोबरीचा प्रस्ताव आला होता आणि सात वाजता निकाल बरोबरीचा होता. दोन्ही खऱ्या होत्या. मधले चार तास मी त्या दोन शब्दांनी भरले.

त्यानंतर काय झाले ते क्रमाने नोंदवतो. सोमवारी बातमी छापून आली. मंगळवारी पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूने कात्रण जोडून तक्रार दिली. आयोजकांनी चौकशी न करता त्या डावाचा अर्धा-अर्धा गुण काढून घेतला. साहेबांकडे गुण शिल्लक होते, ते संघात राहिले. अक्का पाचव्या झाल्या. बुधवारी दुपारी त्या आमच्या धुळ्याच्या कार्यालयात आल्या.

स्वागतकक्षातून आत फोन आला. "शिंदखेड्याकडच्या एक बाई आल्यात. बुद्धिबळाचं काहीतरी म्हणतात."

"सांग, बाहेर गेलेत."

लाकडी पडद्याच्या पलीकडून आवाज आला. "मंग मी बसस."

त्या एक तास चाळीस मिनिटे बसल्या. मी त्या वेळात एकही ओळ लिहिली नाही. शेवटी मागच्या दाराने, कागदाच्या रिळांमधून, बाहेर पडलो आणि पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेलो. नदीत पाणी थोडेच होते. परत आलो तेव्हा टेबलावर एक पाकीट होते. त्यात पत्र नव्हते. डावाच्या कागदाची कार्बन प्रत होती, निळसर, दोन्ही बाजूंनी भरलेली. अक्षरे आणि आकडे. मला त्यातले एक अक्षरही कळले नाही. मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवले.

वर्षभराने माझी बदली जळगावला झाली. पाकीट सामानाबरोबर आले.

जळगावच्या कार्यालयात नाना होते. मुद्रितशोधक, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, पहूरहून रोज एसटीने ये-जा. जेवणाच्या सुट्टीत ते डब्याच्या झाकणाशेजारी छोटा चुंबकाचा पट मांडून एकटेच खेळत. दुसऱ्या कोणाच्या चुका काढून दमलो की स्वतःच्या काढतो, असे म्हणत. पुन्हा भरीताचे दिवस होते. कोणीतरी डबा भरून आणला होता आणि सगळे मजले त्या वासाने भरले होते. मी पाकीट नानांपुढे ठेवले. कोणाचे, कशाचे, काही सांगितले नाही.

नानांनी चष्मा पुसला आणि पटावर डाव मांडायला घेतला. एकेक चाल हळूहळू, ओठांनी पुटपुटत. पंधराव्या चालीला ते थांबले.

"हे बघ. इथं बरोबरीचं चिन्ह केलंय बाईंनी. समोरच्यानं ड्रॉ मागितला की असं लिहून ठेवायचं असतं."

"मग?"

"मग काय? पुढं खेळल्यात."

"किती?"

नानांनी कागद उलटला. "एकसष्ट चाली. म्हणजे ड्रॉ मागितल्यावर सेहेचाळीस चाली बाई लढल्या. कुठं झाला हा डाव?"

मी पुढे मांडायला सांगितले. ते मांडत गेले. अक्कांनी एक प्यादे जास्त मिळवले होते. मग दुसरे. शेवटी साहेबांनी आपला घोडा देऊन एक प्यादे मारले आणि राजा पळवत पळवत पटाच्या कोपऱ्यात नेला. अक्कांकडे उंट उरला आणि कडेचे एक प्यादे. साहेबांकडे नुसता राजा. एवढे पुढे असूनही तो डाव जिंकता येत नाही, नाना म्हणाले. प्यादे ज्या घरात पोचून वजीर व्हायचे ते घर पांढरे आणि उंट काळ्या घरांतला. उंट त्या कोपऱ्यातून राजाला हुसकावू शकत नाही.

"अर्धा गुण हातात आला असता पंधराव्या चालीला," नाना म्हणाले. "बाईंना तेवढाच पुरत होता का?"

"हो."

"तुला कसं माहीत?"

मग मी सांगितले. नानांनी पट मिटला नाही. मोहरे तसेच ठेवले आणि डब्यातले उरलेले भरीत पुरीवर घेतले.

"आठ वर्षं क्रीडा पान काढलंस," ते म्हणाले. "घोडा कसा चालतो तरी माहितीय ना?"

"अडीच घरं."

"हां. अडीच घरं चालून तू निघून आलास."

मी चुकीची दुरुस्ती लिहून वरिष्ठांकडे नेली. वर्षभराने खुलासा कशाला, वाचक विचारतील इतके दिवस झोपला होतात का, असे ते म्हणाले. ते बरोबर होते. मी आग्रह धरला नाही. त्याऐवजी मी त्या डावाचे ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, शिकलो. चूक सुधारण्यापेक्षा चुकीचा अभ्यास करणे सोपे असते, आणि त्यात आपण काहीतरी करतो आहोत असे वाटते.

ते ओपनिंग असे आहे. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे टाकतो. काळा आपले एकच घर सरकवतो. मग दोघांची वजिरापुढची प्यादी दोन-दोन घरे येऊन समोरासमोर उभी राहतात. याला फ्रेंच बचाव म्हणतात. इथे पांढरा वाद वाढवू शकतो, प्यादे पुढे ढकलू शकतो, किंवा मागून जोर लावू शकतो. पण तिसऱ्या चालीला त्याने समोरचे प्यादे मारले आणि काळ्याने परत मारले, की पटाच्या मधोमध राजांच्या समोरची उभी पट्टी वरपासून खालपर्यंत मोकळी होते. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या दिसतात. याला अदलाबदल म्हणतात, आणि खेळणाऱ्यांतही पुष्कळ जण म्हणतात की ज्याला ड्रॉ हवा तो हे खेळतो.

नानांनी दोन हिवाळे मला त्या तीन चालींपुढे बसवून ठेवले. सारखे दिसते म्हणून भांडण संपले असे समजू नकोस, ते सांगत. चाल पांढऱ्याची आहे. मोकळ्या पट्टीवर ज्याचा हत्ती आधी येईल, पट्टी त्याची. काळा आरसा होऊन नक्कल करत राहिला तर एका चालीला त्याला नक्कल करता येत नाही, कारण समोरून शह आलेला असतो. मधली प्यादी असतात तोवर चूक त्यांच्यामागे लपते. ती गेली की प्रत्येक चूक उघड्यावर येते. मी हे वहीत लिहून घेतले. अकरा चालींपर्यंत मला ते पाठ आहे.

एकदा मी नानांना विचारले, मग अक्का हेच का खेळल्या असतील? साहेबांकडून ड्रॉ हवा नव्हता, तर इतकी मारामारी लवकर का?

"ते मला विचारून काय होणार?" नाना म्हणाले.

नाना गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. जाताना त्यांनी चुंबकाचा पट माझ्या टेबलावर ठेवला आणि पाकीट त्याच्याखाली. या नोव्हेंबरात मी दुरुस्ती पुन्हा लिहून दिली. आता त्या खुर्चीवर दुसरे वरिष्ठ आहेत. त्यांनी वाचली, विचारले, "हे एवढ्या वर्षांनी?" मी हो म्हणालो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती आतल्या पानावर पाच ओळींत छापून आली. तो डाव एकसष्ट चालींचा होता, बरोबरीचा प्रस्ताव संबंधित खेळाडूने नाकारला होता, संगनमताचा उल्लेख निराधार होता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी इथे भरीत पार्टीचे बोलावणे होते. मी अंक, पट आणि डाव लिहायचे कार्बनवाले पुस्तक पिशवीत घालून शिंदखेड्याची गाडी धरली. अमळनेरच्या पुढे रुळाच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकल्या होत्या. नरडाणा गेले. शिंदखेड्याला उतरून मी रिक्षा केली. वाटेत मी काय म्हणायचे ते ठरवत होतो. चार वाक्ये तयार केली. त्यातली तीन माझ्याबद्दल होती.

अक्का ओसरीवर बसून वेचलेल्या कापसातला पाचोळा काढत होत्या. केस आता बरेच पांढरे होते. मी नाव सांगितले, वर्तमानपत्राचे नाव सांगितले. त्यांनी मला नीट पाहिले.

"ये, बस."

मी अंक पुढे केला. त्यांनी चष्मा मागवला आणि पाच ओळी दोनदा वाचल्या.

"यामा तुना नाव कोठे शे?"

"दुरुस्तीला नाव टाकत नाहीत अक्का."

"बातमीलेबी नव्हतं."

"नव्हतं. 'प्रतिनिधी' लिहितात."

त्यांनी अंकाची घडी केली आणि कापसाच्या ढिगाशेजारी ठेवली. मी म्हणालो की त्या दिवशी कार्यालयात मी होतो. बाहेर गेलेलो नव्हतो.

"माले माहीत शे," अक्का म्हणाल्या. "मांगला दारथून गया तू. मी देखं तुले. चपला हातमा व्हत्यात तुन्या."

चपला हातात होत्या हे मी विसरलो होतो. आवाज होऊ नये म्हणून काढल्या होत्या. ते खरे आहे.

सुनेने चहा आणला. मी विचारायचे होते ते विचारले: तिसऱ्या चालीलाच प्यादी का मारता? अक्का हसल्या. एवढे विचारायला जळगावहून आलास का, म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले. त्यांचे वडील कापसाची बैलगाडी घेऊन जिनिंग कारखान्यावर जात. गाड्यांची रांग लांब असे, कधी दोन दिवस लागत. माणसे जमिनीवर कोळशाने पट आखून खेळत. लहानपणी त्या वडिलांबरोबर जात आणि तिथेच शिकल्या. रांग कधीही पुढे सरके. सरकली की मोहरे गोळा करायचे, बैल हाकायचे, गाडी चार हात पुढे घ्यायची आणि पट पुन्हा आखून डाव जसाच्या तसा मांडायचा.

"बठ्ठा मोहरा ध्यानमा ऱ्हातस नई," अक्का म्हणाल्या. "म्हनीसन बाबा पहिलेच अदलाबदल करे. थोडा ऱ्हायनात की डाव डोकामा ऱ्हास. गाडी कितीबी सरको."

सगळे मोहरे लक्षात राहत नाहीत. थोडे उरले की डाव डोक्यात राहतो. त्या लोकांनी अदलाबदल केली ती डाव मोडू नये म्हणून. मी दोन हिवाळे वहीत टिपणे घेतली, त्यात हे कारण नव्हते.

"राज्य स्पर्धेला पुन्हा गेलात का?" मी विचारले.

"नई." त्या कापसाकडे पाहत होत्या. "गावमा म्हनेत, ठरायेल डाव खेळनारी. दोन वरीस पटले हात लावा नई." मग माझ्या पिशवीकडे बोट केले. "पट आनेल शे ना? मंग मांड."

मी मोहरे लावले. त्यांनी पांढरे घेतले. राजापुढचे प्यादे दोन घरे. मी माझे एक घर सरकवले. वजिरापुढची प्यादी समोरासमोर आली. तिसऱ्या चालीला त्यांनी मारले आणि मी परत मारले. मधली पट्टी मोकळी झाली.

"माले वाटनं तू अठूनच उठी जाशी," अक्का म्हणाल्या.

सून हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. नवव्या चालीला अक्का माझ्या वहीत नसलेले काहीतरी खेळल्या. तेराव्या चालीपर्यंत हत्तींची एक जोडी गेली आणि पट्टी त्यांची झाली होती. चौदाव्याला वजीर गेले. अंगणातल्या चुलीवर सुनेने काड्या पेटवल्या आणि दोन वांगी ठेवली. धूर ओसरीवर आला. जळगावकडची गाडी साडेपाचला होती. पाच वाजून पाच मिनिटे झाली होती.

पंधरावी चाल खेळून अक्कांनी वर पाहिले.

"ड्रॉ लेस का भाऊ? तुनी गाडी निंघी जाई."

"नको अक्का. खेळू."

मी कागदावर पंधराव्या चालीपुढे बरोबरीचे चिन्ह केले.

अडतिसाव्या चालीला मला मात झाली. अक्कांनी वेळ विचारली आणि कागदावर लिहिली: सहा वाजून दहा मिनिटे. खाली त्यांनी सही केली. मी सही केली आणि शेजारी आडनाव लिहिले. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

मी पूर्ण नाव लिहिले. वरची प्रत त्यांच्याकडे आहे, कार्बनची माझ्याकडे.